लेखनाचा नेम

लेखनाविषयीं दोन मतें आपल्या सुशिक्षित घरांत शेजारीं शेजारीं नांदत असतात, आणि त्यांचें परस्परांशीं पटत नाहीं हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पहिलें मत असें कीं, लिहिणें ही देणगी आहे. ती ज्याला मिळाली त्याला मिळाली, आणि अशा माणसाला बैठक, वेळ, वही असल्या गोष्टींची मातबरी वाटूं नये. दुसरें मत समर्थांच्या नांवावर चालतें. रोज थोडें तरी लिहीत असावें, हा त्यांचा उपदेश शाळेच्या भिंतीवर रंगविलेला आपण सर्वांनीं वाचलेला आहे. एकाच घरांत मुलाची पहिली कविता पाहून बाप पहिलें मत उच्चारतो, आणि तोच मुलगा पुढें लिहीनासा झाला म्हणजे दुसरें. या दोहोंपैकीं खरें कोणतें याचा निवाडा विद्वानांनीं पुष्कळ केला आहे. आम्हांला जो प्रश्न बरींच वर्षें छळीत आला आहे तो याहून निराळा, आणि नीतीचा आहे. मनांत सांगण्यासारखें कांहीं नसतां केवळ नेम म्हणून कागदापुढें बसणें हें प्रामाणिकपणाचें आहे काय? आणि तसें बसण्यासाठीं जो वेळ आपण घेतों तो कोणाचा असतो?

प्रश्न पुस्तकी नाहीं. महाविद्यालयांत शिकविण्यांत आमचीं पंचवीस-तीस वर्षें गेलीं, आणि या काळांत कविता दाखवावयास आलेल्या विद्यार्थ्यांची गणती आम्हीं ठेविली नाहीं. अठराव्या वर्षीं जो वहीच्या वही भरतो तो पंचविसाव्या वर्षीं एक ओळही लिहीत नाहीं, हा अनुभव इतका नेहमींचा आहे कीं, पुढें पुढें त्याचें आश्चर्य वाटेनासें होतें. कारण विचारलें तर उत्तर ठरलेलें: वेळ मिळत नाहीं. नोकरी लागली, लग्न झालें, बिऱ्हाड थाटलें, मूल झालें, घराचे हप्ते सुरू झाले. यांतलें एकही कारण खोटें नसतें. परंतु ज्यांना वेळ मिळाला तेही गप्प झालेले आम्हीं पाहिले आहेत, आणि उलट ज्यांना क्षणाची उसंत नव्हती अशांपैकीं एखाददुसरा लिहीत राहिलेलाही पाहिला आहे. लिहीत राहिले ते सर्वांत बुद्धिमान होते असेंही नाहीं. जे थांबले त्यांचें पुढें काय होतें? बहुतेकांचें कांहींच होत नाहीं, आणि तें ठीकच आहे. कवितेवांचून माणसाला सुखानें जगतां येतें. पण कित्येकांच्या घरीं माळ्यावर एक पेटी असते, तिच्यांत जुन्या वह्या असतात, आणि ती पेटी ते उघडीतही नाहींत व रद्दीवाल्याला देतही नाहींत. त्या पेटीसाठीं आम्ही हें लिहीत आहों असें म्हटलें तरी चालेल.

प्रथम एक गैरसमज दूर सारूं. लेखनाला विशेष स्थळ लागतें, ही समजूत आपल्याकडे फार बळावली आहे. रत्नागिरीहून शिरगांव, साखरतर, काळबादेवी असें करीत किनाऱ्याच्या रस्त्यानें गणपतीपुळ्याकडे निघालें म्हणजे वाटेंत आरे आणि वारे हीं गांवें लागतात. रस्ता डोंगराच्या कडेनें वर चढतो आणि एका वळणावर समुद्र एकाएकीं खालीं उघडा पडतो: मध्यें डोंगराची एक सोंड पाण्यांत उतरलेली, तिच्या दोन्ही अंगांना वाळूच्या दोन लांब पट्ट्या, आणि मागें सुरूचें बन. हल्लीं तेथें गाड्या थांबतात व लोक हातांतल्या फोनावर छायाचित्रें घेतात. आम्ही कांहीं विद्यार्थ्यांसह तेथें उभे होतों तेव्हां त्यांतला एक म्हणाला, "सर, इथं राहायला मिळालं तर माणूस आपोआप लिहायला लागेल." आम्हीं त्याला उत्तर दिलें नाहीं, कारण असा उद्गार त्या ठिकाणीं तोंडांतून न निघाला तरच नवल. पण खालच्या गांवांतलीं माणसें हा देखावा जन्मापासून पाहत आलीं आहेत, आणि त्याची कविता करण्याची निकड त्यांना भासत नाहीं. वाळत घातलेल्या मासळीवर कावळे बसूं नयेत याची निकड मात्र रोज भासते. समुद्र समोर असला म्हणजे शब्द येतात हें खरें असतें तर कोंकणच्या किनाऱ्यावर घरटी एक कवि निपजता.

गणपतीपुळें ओलांडून पुढें गेलें कीं लगेच मालगुंड येतें. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे आपले केशवसुत, येथें १८६६ सालीं जन्मले. त्यांच्या जन्मघराच्या ठिकाणीं कोंकण मराठी साहित्य परिषदेनें १९९४ सालीं स्मारक उभें केलें. तें घर पाहणाऱ्याची सहजच अशी कल्पना होते कीं, कवि या पडवींत बसून खारा वारा अंगावर घेत लिहीत असावा. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. एका शाळामास्तरांचा हा मुलगा; शिकावयास पुण्यास गेला, आणि मॅट्रिकची परीक्षा उतरला तेव्हां १८८९ साल उजाडलें होतें व त्याचें वय तेवीस वर्षांचें झालें होतें. पुढें मुंबईंत शाळांतून हंगामी मास्तरकी आणि शिकवण्या; प्लेगनें मुंबई सोडावयास लावल्यावर खानदेश, तेथें फैजपूरची शाळा; १९०४ सालीं धारवाड; आणि १९०५ सालीं हुबळीस प्लेगनेंच मृत्यु. वय एकूणचाळीस. थोड्याच दिवसांत पत्नीही त्याच वाटेनें गेली. 'तुतारी' आणि 'झपूर्झा' या दोन्ही कविता १८९३ सालच्या, म्हणजे मुंबईच्या ओढाताणीच्या दिवसांतल्या आहेत. मालगुंडच्या निवांत पडवीचा त्यांच्याशीं कांहीं संबंध नाहीं. कोंकणाविषयीं त्यांनीं लिहिलें नाहीं असें नव्हे. नैर्ऋत्येकडील वाऱ्यास उद्देशून त्यांची कविता आहेच. पण तिचें सगळें मर्म दुराव्यांत आहे. वारा गांवाकडून येतो, आणि कवि गांवीं नाहीं. कोंकणच्या इतर लेखकांचेंही पुष्कळदां असेंच दिसतें. मुर्डीचे श्री. ना. पेंडसे मुंबईंत बेस्ट उपक्रमांत नोकरी करीत होते, आणि दापोली तालुक्यांतलीं माणसें त्यांनीं मुंबईंत राहून लिहिलीं. 'गारंबीचा बापू' १९५२ सालचा, आणि 'तुंबाडचे खोत' या कादंबरीचे दोन जाड खंड निघाले ते १९८७ सालीं, लेखकाच्या वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं.

केशवसुतांच्या लेखनाचें मान पाहिलें तर आणखी एक गोष्ट दिसते. सुमारें वीस वर्षें ते लिहीत होते, आणि उपलब्ध कविता सव्वाशें-दीडशेंच्या आसपास. वर्षाला सहा-सात. रोज लिहिण्याच्या उपदेशानें मोजूं गेलें तर हा मनुष्य आळशी ठरेल. पण हीं वीस वर्षें कोठें तुटलेलीं नाहींत, हें अधिक महत्त्वाचें आहे. गांव बदललें, शाळा बदलली, पगार कमी-अधिक झाला, तरी कविता येत राहिली. तिच्यासाठीं व्यासपीठ होतें तें केवढें? हरिभाऊ आपट्यांचें 'करमणूक', जळगांवचें 'काव्यरत्नावली', आणखी दोन-चार नियतकालिकें. स्वतःच्या कवितांचें पुस्तक त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं; तें हरिभाऊंनीं १९१७ सालीं, म्हणजे कवि जाऊन बारा वर्षें झाल्यावर काढलें. तेव्हां कीर्तीच्या आशेवर हा नेम चालला होता असें म्हणतां येत नाहीं, आणि फुरसतीवर तर मुळींच नाहीं. त्यांच्या पुष्कळ कवितांच्या खालीं गांव आणि तारीख घातलेली आढळते. ही गोष्ट क्षुल्लक आहे, आणि तिच्यावर आम्ही अधिक भार घालीत आहों असें कोणी म्हणेल. पण कवितेखालीं तारीख घालणारा माणूस ती कविता आकाशांतून पडली असें मानीत नाहीं. अमुक दिवशीं, अमुक गांवीं, हें काम पुरें झालें, असें तो नोंदवून ठेवतो. सुतार तुळईवर संवत् कोरतो त्यांतलाच हा प्रकार.

आतां दुसऱ्या टोकाचें उदाहरण घेऊं. अँथनी ट्रोलॉप हा इंग्रज कादंबरीकार पोस्टाच्या खात्यांत मोठा अधिकारी होता. रोज पहाटे साडेपांचला तो लिहावयास बसे. समोर घड्याळ ठेवी, आणि दर पंधरा मिनिटांस अडीचशें शब्द हें प्रमाण स्वतःवर लादून घेई. तीन तास असें लिहून मग न्याहारी व कचेरी. या रीतीनें त्यानें सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. १८८२ सालीं तो वारला, आणि पुढच्या वर्षीं त्याचें आत्मचरित्र निघालें. त्यांत हा सगळा हिशेब त्यानें इतक्या मोकळेपणानें सांगितला होता कीं, कलेच्या भक्तांना तो वाचून शिसारी आली. चांभार जोडे करतो तसें आपण लिहितों, असें म्हणणाऱ्या माणसाच्या कादंबऱ्या मनाला लावून घेऊन वाचल्याची लोकांना जणू लाज वाटूं लागली. आमच्या मतें त्या लोकांची लाज अनाठायीं होती. परंतु त्यांच्या मनांत जी शंका होती ती मात्र खोडून काढणें वाटतें तितकें सोपें नाहीं.

ती शंका ही: ठरल्या वेळीं ठरलेले शब्द लिहिणारा मनुष्य, जें त्याला वाटत नाहीं तेंही लिहीत असला पाहिजे. आणि न वाटतां लिहिणें हें न वाटतां बोलण्याइतकेंच असत्य आहे. यावर रियाजाचें उत्तर देण्याची प्रथा आहे. गवई पहाटे उठून खर्ज लावतो तेव्हां त्याच्या मनांत कोणता रस असतो? कोणताच नाहीं, तरी त्याला कोणी खोटा म्हणत नाहीं, कारण तो मैफलींत बसलेला नाहीं. तसेंच लेखकानें घरांत लिहिलेलें पान हें बोलणें नव्हे, आणि तें छापावयास पाठवीपर्यंत त्यानें कोणाला कांहीं सांगितलेलें नसतें. हें उत्तर आम्हांला बराच काळ पुरेसें वाटत असे. पण त्यांत एक उणीव आहे. गवयाला सप्तक आयतें मिळालेलें असतें. षड्ज लावला म्हणजे त्यानें कशाचीही ग्वाही दिली असें होत नाहीं. शब्दाचें तसें नाहीं. कोणतेंही वाक्य लिहिलें कीं तें कांहीं तरी ठासून सांगतें, आणि तें प्रथम लिहिणाऱ्यालाच सांगतें. न पटलेलीं वाक्यें रोज सुरेख उतरवीत गेलेल्या माणसाला पुढें आपलें खरें मत कोणतें हेंच उमगेनासें होतें. आमच्या धंद्यांत हा धोका फार. वर्षानुवर्षें व्याख्यानें देऊन जीभ इतकी सरावते कीं, मनाला न विचारतां ती पंचेचाळीस मिनिटें बोलूं शकते. सदरें चालविणाऱ्या कित्येक लेखकांचा हात असाच सरावलेला आम्हीं पाहिला आहे: वाक्य सुरेख, आणि आंत कोणी नाहीं.

तेव्हां नेम धरावयाचा तर तो मजकुराचा धरूं नये, बैठकीचा धरावा. ठरल्या वेळीं जागेवर असावें. त्या वेळांत एक पान झालें तर झालें. कालचें पान वाचून त्यांतल्या अकरा ओळी खोडल्या तरी तें दिवसाचें कामच समजावें. आणि नुसतें बसून राहावें लागलें तरी उठून दुसरें कांहीं करूं नये. यांत नुसतें बसणें हें सर्वांत अवघड आहे, हें ज्यानें करून पाहिलें आहे त्याला सांगावयास नको. पहिल्या दहा मिनिटांत टेबलाचा खण आवरावासा वाटतो, कोणाच्या तरी पत्राचें उत्तर राहिलेलें आठवतें, आणि फोन तर काय, तो याच क्षणाची वाट पाहत असतो. आणखी एक लहानशी युक्ति सांगण्यासारखी आहे. विषय पुरता संपेपर्यंत लिहून उठूं नये. पुढचें वाक्य डोक्यांत तयार असतांनाच उठावें, म्हणजे दुसऱ्या दिवशीं कोऱ्या कागदाशीं झुंज पडत नाहीं. आणि जें लिहावयाचें आहे तें आधीं मित्रमंडळींत सांगत सुटूं नये. सांगून झालेली गोष्ट लिहिली जात नाहीं. टाळी मिळाली म्हणजे मन तेथेंच थांबतें.

आरे-वाऱ्याच्या त्या वळणावर उभें राहून आम्हांला जें सुचलें तें देखाव्यामुळें नव्हे, खालच्या होड्यांमुळें. नेम म्हटला कीं आपल्यासारख्या नोकरदार माणसांना घड्याळ आठवतें. समुद्रालाही नेम आहे, आणि तो कोणत्याही कचेरीपेक्षां कडक आहे. पण तो घड्याळाचा नव्हे. दिवसांतून दोनदां भरती येते, आणि रोज ती आदल्या दिवसापेक्षां सुमारें पन्नास मिनिटें उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. खारवी आणि दालदी यांचें जाणें-येणें या तिथींवर बांधलेलें असतें. आज पहाटे निघालेला मनुष्य आठवड्यानें भर दुपारीं निघतो, आणि तरी त्याचा नेम मोडला असें कोणी म्हणत नाहीं. शिवाय वर्षांत एक काळ असा येतो कीं, तेव्हां समुद्रांत जावयाचेंच नाहीं. पूर्वापार ही बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत असे. आतां सरकारी नियमानें यांत्रिक नौकांना जून आणि जुलै हे दोन महिने बंदी आहे. होड्या वर ओढून झापांनीं शाकारून ठेवलेल्या असतात. पण त्या दिवसांत कोळीवाड्यांत गेलें तर माणसें रिकामीं दिसत नाहींत. पडवीपडवींत जाळीं पसरलेलीं असतात, आणि घरांतलीं माणसें फाटलेला एकेक आंस सांधीत बसलेलीं असतात. मासा मिळत नाहीं म्हणून धंदा सोडला असें त्यांच्या मनांतही येत नाहीं. आमच्या लेखकांना मात्र दोन महिने कांहीं सुचलें नाहीं कीं, आपण संपलों असें वाटूं लागतें. केशवसुतांच्या वर्षाला सहा-सात कविता आम्हांला आतां या हिशेबानें अधिक नीट कळतात.

आपल्या भाषेंत या कामाला एक बाहेरची मदतही आहे. तिची थट्टा करण्याची रीत असली तरी आम्ही ती करणार नाहीं. हरिभाऊंची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकांतून हप्त्याहप्त्यानें आली. आठवडा कोणासाठीं थांबत नाहीं. आणि काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढल्यापासून श्रावण-भाद्रपदांत संपादकांचा तगादा ही मराठी लेखकाची एक ऋतुचर्याच होऊन बसली. कित्येकांची प्रतिभा तेरड्यासारखी वर्षांतून एकदांच रंग दाखवते, हें खरें. पण तगादा नसता तर तेवढाही दिसला नसता.

कोणी म्हणेल, हें सगळें ठीक. परंतु मोठीं पुस्तकें एकांतांत, एका झपाट्यांत होतात, त्याचें काय? याचीं दोन उदाहरणें रत्नागिरी जिल्ह्यानेंच दिलीं आहेत आणि दोन्ही तुरुंगांतलीं आहेत. रत्नागिरीस जन्मलेल्या लोकमान्यांनीं 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिंवाळ्यांत, शिसपेन्सिलीनें लिहून काढलें. पालगडच्या साने गुरुजींनीं 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगांत ९ फेब्रुवारी १९३३ रोजीं सुरू केली आणि पांच दिवसांत संपविली. पांच दिवस! हा आंकडा ऐकून रोजच्या बैठकीची कास धरणारा माणूस खजील व्हावयाचा. पण हिशेब पांच दिवसांपासून सुरू करणेंच चूक आहे. गुरुजींची आई १९१७ सालीं गेली. त्या पांच दिवसांच्या मागें पंधरा वर्षें एका माणसाचें मन त्याच ओसरीवर, त्याच विहिरीपाशीं जाऊन येत होतें. लोकमान्यांनीं तर आपल्या प्रस्तावनेंत स्वतःच सांगितलें आहे कीं, १८७२ सालीं वडिलांच्या अखेरच्या दुखण्यांत त्यांना गीतेवरची प्राकृत टीका वाचून दाखवितांना पहिला प्रश्न मनांत उभा राहिला. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाला पडलेला प्रश्न चौपन्न वर्षांच्या कैद्यानें कागदावर सोडविला, आणि पुस्तक निघालें तें १९१५ सालीं. मधल्या काळांत वर्तमानपत्रें, खटले, चळवळी, सगळें कांहीं झालें. प्रश्न हातचा सुटला नाहीं. तुरुंगानें या दोघांना तास दिले. मजकूर तुरुंगानें दिला नाहीं. तेवढेच तास त्याच भिंतींच्या आंत हजारों लोकांना मिळाले होते. मात्र तुरुंग एक गोष्ट निश्चित करतो, आणि ती आपणां घरीं बसलेल्यांना विचार करावयास लावणारी आहे: तो भेटीला येणाऱ्यांना दाराबाहेर ठेवतो. लिहिण्याच्या वेळीं कोणी येऊन आपली स्तुति करील, ही शक्यताच तेथें उरत नाहीं.

आतां दुसरा प्रश्न, आणि आम्हांला तो पहिल्यापेक्षां जड वाटतो. हा वेळ कोणाचा? ट्रोलॉपनें आपल्या पुस्तकांत एका म्हाताऱ्या नोकराचा उल्लेख केला आहे. याला वर्षाला पांच पौंड अधिक देऊन त्यानें पहाटे आपणांस उठविण्याचें व कॉफी आणून देण्याचें काम लावलें होतें. आपल्या यशांत त्या माणसाचा वांटा इतर कोणाहीपेक्षां मोठा, असेंही तो कबूल करतो. साहेबाची ही कबुली आम्हांला आवडते, कारण तींत आंकडा आहे. साडेपांचला उठणाऱ्या लेखकाच्या आधीं, थंडींत, कोणी तरी उठून चूल पेटविली होती आणि त्याची किंमत पांच पौंड ठरली होती. आमच्या घरांत हा आंकडा नसतो. लेखक लिहीत बसला आहे म्हणून मुलांना दटावून गप्प बसविणारी, दाराशीं आलेल्या माणसाला परत पाठविणारी, चहा न मागतां आणून ठेवणारी बाई बहुधा त्याची पत्नी असते, क्वचित् आई. आणि तिचा मोबदला म्हणजे प्रस्तावनेच्या शेवटच्या परिच्छेदांतलें एक वाक्य. हें वाक्य आम्हीं शेंकडों पुस्तकांत वाचलें आहे. तें लिहिणारे अप्रामाणिक असतात असें आमचें म्हणणें नाहीं; पण ऋण मान्य केलें म्हणजे फिटलें, अशी समजूत त्या वाक्यानें होते ती मात्र वाईट.

या प्रश्नाचा विचार करतांना आमच्या डोळ्यांपुढें लक्ष्मीबाई टिळक उभ्या राहतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे रत्नागिरी जिल्ह्यांतल्या करजगांवचे, जन्म १८६१ चा. कवितेचें वेड, धर्माची तळमळ आणि केव्हां घरांतून उठून निघून जातील याचा नेम नाहीं, असा हा पुरुष. त्याच्या मागें लक्ष्मीबाईंनीं संसार कसा ओढला तें 'स्मृतिचित्रां'च्या वाचकांस माहीत आहे. लग्न होऊन आल्यावर त्या अक्षरें शिकल्या. आपल्या मुलांखेरीज दुष्काळांतल्या पोरक्या पोरांनाही त्यांनीं जेवूं घातलें. गांवें बदललीं, जात सुटली, पैसा कधींच टिकला नाहीं. लिहिण्याची बैठक म्हणतात ती या बाईंना कोणत्या वर्षीं मिळाली असेल? 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग निघाला तेव्हां १९३४ साल होतें आणि त्यांचें वय पासष्टीच्या पुढें होतें. टिळक १९१९ सालीं वारले ते 'ख्रिस्तायन' हें काव्य अपुरें टाकून. तें पुढें नेण्याचें कामही लक्ष्मीबाईंनींच केलें, आणि तें १९३८ सालीं, त्यांच्या मरणानंतर, पुस्तकरूपानें निघालें. नवऱ्याचें अर्धें राहिलेलें ओझें उचलून शिवाय आपलें स्वतःचें पुस्तक, आणि तें असें कीं, मराठी गद्याचा विचार करतांना तें वगळून चालत नाहीं.

हें उदाहरण देऊन, पाहा, तळमळ असली म्हणजे बाईलाही लिहितां येतें, असा बोध काढण्याची संवय आहे. आम्हांला तो बोध क्रूर वाटतो. लक्ष्मीबाईंना म्हातारपणीं आग्रह करणारा देवदत्तांसारखा मुलगा होता, आणि त्या त्या वयापर्यंत जगल्या. चाळिसाव्या वर्षीं बाळंतपणांत किंवा प्लेगांत गेलेल्या, किंवा जगूनही ज्यांना कोणी एकदांही विचारलें नाहीं, अशा किती जणींचीं 'स्मृतिचित्रें' गेलीं, याची यादी कोठेंही नाहीं. ज्या तासांत तीं लिहिलीं गेलीं असतीं त्याच तासांत बहुधा शेजारच्या खोलींत दुसरा कोणी लिहीत होता. लेखनाचा नेम हा सद्गुण आहे असें आम्ही मानतों. परंतु जो तास आपण देवघरासारखा जपतों तो दुसऱ्याच्या झोपेंतून काढलेला असेल, तर त्या सद्गुणाचें पुण्य कोणाच्या खातीं मांडावयाचें? स्वतःच्या गप्पांतून, स्वतःच्या झोपेंतून, सभासंमेलनांतल्या स्वतःच्या खुर्चींतून तो काढलेला असेल तर गोष्ट निराळी. आणि तसा तो काढतां येतो. माणसें म्हणतात त्याहून पुष्कळ अधिक वेळ त्यांच्यापाशीं असतो. फक्त तो त्यांच्या प्रतिष्ठेंत अडकलेला असतो.

आमच्या ओळखीचें एक कुटुंब रत्नागिरींत आहे. दोघेंही शिक्षक. पूर्वीं यजमान रात्रीं लिहीत असत व बाई मागचें आवरीत. चार वर्षांपूर्वीं, मुलगी शिकावयास बाहेर गेल्यावर, बाईंनीं एकदां सहज म्हटलें कीं, माझ्या आजोळच्या घराविषयीं कांहीं लिहून ठेवावें असें मनांत येतें. यजमानांनीं तें ऐकून घेतलें. तेव्हांपासून यजमानांची बैठक पहाटेची झाली, चहा ते स्वतः करून घेतात. आणि रात्रीं नऊ ते दहा हा तास बाईंचा. त्या तासांत भांडीं यजमान घासतात. बाईंचीं आजवर दीडशेंच्या वर पानें झालीं आहेत असें त्यांनींच आम्हांला सांगितलें. पण तीं त्यांनीं कोणाला दाखविलीं नाहींत, आणि यजमानांनीं मागितलींही नाहींत. गेल्या श्रावणांत आम्ही त्यांच्याकडे उतरलों होतों. जेवणें झालीं होतीं, बोलणें रंगांत आलें होतें, तोंच नऊ वाजले. यजमान उठले, आम्हांला घेऊन बाहेर ओट्यावर आले, दार हलकेंच लोटून घेतलें, आणि यंदा भातलावणीला कसा उशीर झाला तें सांगूं लागले.